पोपट घ्यायचाय? आधी घरात दिवसभर कोण असतं ते बघा

पोपट घ्यायचाय, कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा उलट विचारते, दिवसभर घरात कोण असतं? कारण आपल्याकडे कोकणात काय होतं माहितीय ना, पोपटाची हौस असते बारावीतल्या मुलाला नाहीतर मे महिन्यात मुंबईहून आलेल्या भावाला, मग तो मुलगा कॉलेजला पुण्याला जातो, भाऊ तर पाऊस पडायच्या आत परत, आणि दाणापाणी, पिंजऱ्याची साफसफाई, पावसात पिंजरा आत-बाहेर करणं हे सगळं पडतं आईच्या नाहीतर आजीच्या गळ्यात. म्हणून जो आईला झेपेल तोच पक्षी घ्यायचा. रंग, बोलणं, किंमत वगैरे त्याच्यानंतर.

आधी हिरव्या राघूचं बोलून टाकू, म्हणजे तो विषय संपला. आपल्या माडावर, भाताच्या शेतावर जो येतो, गळ्याला काळी-गुलाबी रेघ असलेला, तो पाळता येत नाही. कायद्यानेच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि 1991 पासून देशी पक्ष्यांच्या विक्रीलाही बंदी आहे, त्यामुळे राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळट गुलाबी डोक्याचा तुईया, सह्याद्रीच्या जंगलातला निळसर पंखांचा पोपट, सगळेच त्यात आले. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या आजोबांकडे होता की मिठू, असं सगळे म्हणतात, असेल होता, तेव्हा कोणी विचारत नव्हतं. आजही बाजाराच्या दिवशी कोणीतरी करंडीत फडकं टाकून माडाच्या ढोलीतून काढलेली पिल्लं घेऊन बसतो आणि दोनशे-तीनशेत देतो म्हणतो. घेऊ नका. ती पिल्लं बरीचशी चुकीच्या खाण्याने आठवड्याभरातच मरतात, आणि तुम्ही एक घेतलं की तो पुढच्या वर्षी चार काढतो. झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं आणि ढोली हाताला येत असेल तर परत ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. नाहीच जमलं तर वनखात्याच्या 1926 नंबरवर फोन करा.

म्हणजे पाळायचे ते परदेशी, पिंजऱ्यातच पैदास झालेले. त्यातही सगळे सारखे नाहीत.

बजरीगर, म्हणजे दुकानात ज्याला सरसकट लव्हबर्ड म्हणून देतात तो. खरा लव्हबर्ड वेगळा, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा, त्याच्यावर पुढे येते. बजरीगर मूळ ऑस्ट्रेलियाचा, वजन तीस-चाळीस ग्रॅम, नीट ठेवला तर पाच ते दहा वर्षं जगतो, जोडी काही शे रुपयांत मिळते. घरात सगळे कामाला जाणारे असतील, किंवा आई दिवसभर बागेत नाहीतर काजूच्या फॅक्टरीत असेल तर बजरीगरची जोडी घ्या, एकटा घेऊ नका. जोडी एकमेकांत रमते, तुम्ही संध्याकाळी आलात की किलबिल ऐकायची, बस. आणि आवाज मध्यम, शेजारी भांडायला येत नाहीत. एकटा नर ठेवला आणि रोज तासभर त्याच्याशी बोलत बसलात तर तो बोलतोसुद्धा, अगदी भरभर आणि बारीक आवाजात, कान देऊन ऐकावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या एका बजरीगरला 1728 शब्द येत होते, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. पण बोलण्याच्या आशेवर कुठलाच पक्षी घेऊ नये असं माझं मत. कित्येक जन्मभर बोलत नाहीत, आणि मग घरच्यांचं मन उडतं.

कॉकटील, ज्याला दुकानदार कॉकटेल म्हणतात. डोक्यावर तुरा, गालाला केशरी ठिपका. कोकणातल्या बहुतेक घरांसाठी मी हाच सांगते, पण एका अटीवर, घरात दिवसभर निदान एक माणूस पाहिजे. आजी आहे, ओटीवर बसून तांदूळ निवडते, टीव्ही बघते, तिला सोबत पाहिजे, तर कॉकटील एक नंबर. खांद्यावर बसतो, नर शीळ घालायला शिकतो, चावला तरी सहसा रक्त काढण्याएवढा नाही. गुहागरला माझ्या मावशीकडे आहे, तो कुकरच्या शिट्टीची नक्कल करतो आणि मावशी दर वेळी गॅस बघायला उठते. आयुष्य पंधरा ते वीस वर्षं. आता हा आकडा नीट मनावर घ्या, आजी सत्तरीची असेल तर तिच्यानंतर कोण बघणार हे आज ठरवायला लागतं, आणि जो मुंबईला वन रूम किचनमध्ये राहतो त्याला विचारून ठरवायला लागतं. दुसरं म्हणजे कॉकटीलच्या पिसांतून पांढरी पावडर पडते, टेबलावर, पंख्यावर बारीक थर बसतो. घरात कोणाला दमा असेल तर हा पक्षी नको. काकातुआ आणि आफ्रिकन ग्रे या मोठ्या पोपटांचंही तेच.

खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, दिसायला फार गोड आणि स्वभावाने तापट. लहान मुलं पिंजऱ्यात बोट घालणारच, आणि तो सोडणार नाही. दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवले तर त्यांचे पाय तोडतात. ज्यांना नुसतं बघायला आवडतं त्यांनी जोडी ठेवावी.

कोन्युर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला लांब शेपटीचा छोटा पोपट, त्याची सध्या फार हवा आहे, रील्समुळे. सन कोन्युर पिवळाधमक, केशरी, बघितल्यावर कोणीही भुलेल, पण त्याचा आवाज तुम्ही दुकानात बंद खोलीत अर्धा तास उभं राहून ऐका आणि मग ठरवा. चिपळूण-रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहत असाल तर विसरा. वाडीत, घरं लांब लांब असतील तर चालेल, तरी घरातल्यांचं काय. त्यापेक्षा ग्रीन चीक कोन्युर बरा, अंगाने लहान, आवाज बराच कमी, मस्तीखोर. हे दोन्ही वीस-पंचवीस वर्षं किंवा जास्तही जगतात आणि रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर लागतात. तेवढा वेळ घरात कोणाकडेच नसेल तर घेऊ नका, नाहीतर चिडून स्वतःची पिसं उपटतो.

आफ्रिकन ग्रे आणि मकाव या मोठ्या पोपटांबद्दल दोनच वाक्यं. चाळीस, पन्नास, कधी त्याहून जास्त वर्षं जगतात, म्हणजे ते तुमच्या मुलांना वारशात जाणार, आणि ग्रेसारखा हुशार पक्षी एकटा पडला की मनाने आजारी होतो. तालुक्याच्या गावात या पक्ष्यांना तपासणारा डॉक्टर नाही, लाखाचा पक्षी घेऊन मुंबईपर्यंत पळायची तयारी आहे का, विचार करा.

कागदपत्रं. बजरीगर आणि कॉकटीलला कसली नोंदणी लागत नाही, हे एक मोठं सुख. पण आंतरराष्ट्रीय साइटिस यादीतले (वन्य प्राणी-पक्ष्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा देशोदेशींचा करार) जे पक्षी आहेत, म्हणजे कोन्युर, मकाव, ग्रे, काकातुआ आणि लव्हबर्डच्याही काही जाती, त्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पक्षी मेला, कोणाला दिला किंवा पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. विकणारा म्हणाला काही लागत नाही हो, सगळे असेच घेतात, तर त्याच्याकडून घेऊ नका. पावती मागा, पायात बंद, म्हणजे सांधा नसलेली रिंग असेल तर तिच्यावरचा नंबर पावतीवर लिहून घ्या.

आता घर. पक्ष्याचं फुफ्फुस फार नाजूक असतं, आपल्याला नुसता वास येतो तिथे तो मरतो, आणि आपल्या घरात धुराला काय तोटा आहे. चूल पेटते, डासांची कॉइल लागते, संध्याकाळी धूप, गणपतीत तर अगरबत्तीचा डोंगर, आणि एप्रिल-मेमध्ये परसात काजू बिया भाजायला घेतल्या की त्या तेलाचा उग्र धूर घरभर. पिंजरा या सगळ्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला पाहिजे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नॉनस्टिक तवा. घावन घालायला तवा गॅसवर ठेवला, फोन आला, तवा रिकामाच तापत राहिला, तर त्याच्या टेफ्लॉनच्या थरातून जो वायू निघतो त्याने शेजारच्या खोलीतला पक्षीसुद्धा थोड्या वेळात मरतो, उपाय करायला वेळच मिळत नाही. पक्षी घरात आला की आजीचा बिडाचा तवा काढा, घावन तसंही त्याच्यावरच चांगलं होतं.

ज्यांची आंब्याची कलमं घराला लागून आहेत त्यांनी फवारणीचं वेळापत्रक डोक्यात ठेवायचं. मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते तेव्हा पिंजरा माजघरात घ्या, खिडक्या लावा, आणि त्या बागेतला पाला किंवा फांदी पक्ष्याला अजिबात नको.

पिंजरा पडवीत टांगायची आपल्याकडे सवय. दिवसा ठीक आहे, रात्री आत घ्यायचाच. मांजर, उंदीर आहेतच, पण साप हा खरा प्रश्न. साप गजांमधून आत जातो, पक्षी गिळतो आणि पोट फुगल्यामुळे बाहेर पडता येत नाही, सकाळी पिंजऱ्यात पक्षी नाही आणि साप आहे असं दृश्य दिसतं. पिंजरा भिंतीला टेकवून, छातीच्या उंचीला ठेवा, चारही बाजूंनी उघडा असला की पक्षी घाबरलेलाच राहतो. घरात कोंबड्या असतील तर पिंजरा त्यांच्यापासून लांब आणि कोंबड्यांचं काम झाल्यावर हात धुवून मगच इकडे. जानेवारी 2021 मध्ये दापोलीकडच्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, म्हणजे हे आपल्यापासून फार लांब नाही.

पिंजरा उंच घेतात लोक, मिनारासारखा, शोभेला. पक्षी आडवा उडतो, त्यामुळे लांबी जास्त पाहिजे. बजरीगरच्या जोडीला निदान अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, गजांमधलं अंतर अर्धा इंच, त्याहून जास्त असलं तर डोकं अडकतं. कॉकटीलला याहून बराच मोठा. जस्ताचा मुलामा असलेली नवीन जाळी असेल तर व्हिनेगर लावून ब्रशने घासा, धुवा आणि उन्हात वाळवा, कारण पक्षी ती कुरतडतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा. आतल्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा, जाड-बारीक असल्या की पायाला व्यायाम होतो. कण्हेर चुकूनही नको, विषारी असते. आणि पक्षी बाहेर सोडताना छताचा पंखा बंद, हे घरातल्या सगळ्यांना पाठ असू दे.

पावसाळा हा वेगळाच धडा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कपडे आठवडाभर वाळत नाहीत तिथे दाणे काय टिकणार. पाच किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून मे महिन्यात भरून ठेवली तर जुलैत तिला बुरशी, आणि ती बुरशी पक्ष्याच्या फुफ्फुसात बसते. पावसात पंधरा दिवसांपुरतेच दाणे घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, रोज वाटीत ओतायच्या आधी वास घ्या. कुबट वास आला की सरळ फेका, कोंबड्यांनाही घालू नका. शेंगदाण्याला तर बुरशी दिसायच्या आधीच लागलेली असते, पावसात शेंगदाणे बंदच. पिंजऱ्याखालचा कागद रोज बदला. ऊन पडलं की अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवा, सावलीचा कोपरा ठेवून.

लाइटचं सांगायला नको. कॉकटील अंधारात अचानक काही वाजलं की घाबरून पिंजऱ्यात धडपडतो आणि पंख तोडून घेतो, त्यामुळे बॅटरीवरचा एक बारीक दिवा रात्री लावून ठेवा. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, श्रीवर्धनकडे कितीतरी गावांत बरेच दिवस लाइट नव्हती. आणि चिपळूणला जुलै 2021 मध्ये पाणी ज्या वेगाने चढलं ते बघता, नदीकाठी राहणाऱ्यांनी हातात धरून वर नेता येईल असा एक छोटा पिंजरा रिकामा तयार ठेवावा.

खाण्याचं मात्र आपल्याकडे सोपं आहे, सगळं परसात मिळतं. नुसत्या दाण्यावर पक्षी वाढवू नका, विशेषतः सूर्यफुलाच्या बिया, त्या त्याला फार आवडतात आणि लिव्हर खराब करतात. राळे (दुकानात कांगणी म्हणून मिळतात), थोडी बाजरी, नाचणी, आणि नाचणीला मोड आणून दिलेत तर फारच छान. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, पेरू, पपई, हिरवी मिरचीसुद्धा, पक्ष्यांना तिखट लागत नाही. ओलं खोबरं कधीतरी नखाएवढं. चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, चॉकलेट, कांदा, अव्होकॅडो बंद. पाहुणे लाडाने भरवतात म्हणून गणपतीत आणि शिमग्याला पिंजरा मागच्या खोलीत हलवा, ढोलाच्या आवाजापासूनही सुटका होते.

कॅल्शियमसाठी दुकानात माकुलाचं हाड विकत मिळतं. अहो, ते आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेलं असतं, समुद्रफेन, पांढरं, होडीच्या आकाराचं, हलकं. पावसाळ्यानंतर वाळूवर फिरायला गेलात की चार उचला. वास मारणारं, काळं पडलेलं, तेल लागलेलं नको. गोड्या पाण्यात चार-पाच दिवस भिजवा, रोज पाणी बदला म्हणजे खारटपणा जातो, मग दहा मिनिटं उकळून कडक उन्हात वाळवा. मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेने गजाला बांधा. चोच पण घासली जाते.

दुकानात गेलात की लगेच पिंजऱ्याजवळ जाऊ नका. पक्षी आजार लपवतो, माणूस जवळ आला की सावध होऊन ताठ बसतो. लांब उभं राहून पाच मिनिटं बघा. जो दुपारी सगळे खेळत असताना पिसं फुगवून कोपऱ्यात बसलाय, श्वास घेताना ज्याची शेपूट खाली-वर हलते, तो नको. नाकपुड्या कोरड्या, डोळे चकचकीत, शेपटीखालची पिसं स्वच्छ पाहिजेत. हातात घेऊन छातीचं मधलं हाड बोटाने चाचपा, सुरीच्या धारेसारखं टोचत असेल तर पक्षी वाळलाय. विष्ठा बघायची लाज बाळगू नका, हिरवट घट्ट भाग, त्यावर पांढरा, आणि थोडं पाणी, असे तीन भाग दिसले पाहिजेत.

बजरीगरचं वय कपाळावरून कळतं. चोचीच्या वरच्या मांसल भागापर्यंत बारीक काळे पट्टे आले असतील तर पिल्लू आहे, तीन-चार महिन्यांत ती पिसं गळतात आणि कपाळ साफ होतं. मोठ्या नराचा तो मांसल भाग निळा, मादीचा पांढरट-तपकिरी. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या पक्ष्यांत नराचा तो भाग गुलाबी-जांभळाच राहतो, तिथे फसायला होतं, दुकानदारही फसतो किंवा फसवतो. अजून सिरिंजने भरवावं लागणारं पिल्लू कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका, खाणं जरा गरम झालं तर आतून भाजतं, थंड झालं तर पचत नाही. स्वतः दाणे खाणारंच घ्या.

घेण्याच्या आधी एक फोन करा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, पक्षी बघता का म्हणून. बहुतेक ठिकाणी गाई-म्हशीच बघतात, मग रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबईत कोण बघतं त्याचा नंबर घेऊन ठेवा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री अकरा वाजता मालवणहून परळ म्हणजे विचार करा.

आणायचं सकाळी लवकर, छोट्या खोक्यात भोकं पाडून, एसटीत मागच्या सीटवर नको, फार हादरे बसतात. घरी आधीचे पक्षी असतील तर नवीन निदान महिनाभर वेगळ्या खोलीत. पहिले दोन-तीन दिवस कोणी हात घालायचा नाही, शेजारच्या पोरांना बोलवायचं नाही, दुकानात जे दाणे खात होता तेच द्यायचे, भाजी-पाला हळूहळू. पहिल्या दिवशी गप्प बसला तर घाबरू नका. दाणे खाल्ले का ते नुसत्या वाटीवरून ठरवू नका, टरफलं वाटीतच पडतात आणि वाटी भरलेली वाटते, फुंकर मारून टरफलं उडवा आणि मग बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा दाणे तेवढेच असतील आणि कागदावर विष्ठा नसेल तर तो घेऊन ठेवलेला नंबर लावा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.